घरची परिस्थिती आणि नववीचा वर्ग

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर, किरकोळ फेरफारांसह)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘कौटुंबिक पार्श्वभूमी, किशोरावस्था आणि शैक्षणिक प्राप्ती’ अशा भारदस्त शब्दांत छापला आहे. इतक्या जड शब्दांची खरे तर गरज नाही. कोणत्याही खेड्यातल्या माध्यमिक शाळेत जा आणि नववीतून नाव कमी झालेल्या एखाद्या मुलाविषयी शिक्षकांना विचारा. उत्तर एकच मिळते : “काय करणार, घरची परिस्थिती!” हे उत्तर देणारा शिक्षक बहुधा मनाने चांगला असतो, त्याच्या स्वरात कणवही असते. परंतु या चार शब्दांनी चौकशी तिथेच थांबते. परिस्थिती म्हणजे नेमके काय, ती मुलाच्या शिक्षणावर कोणत्या वाटेने आणि कोणत्या वयात येऊन आदळते, हे मग कोणी विचारीत नाही. आज ते विचारावे, एवढाच माझा हेतू आहे.

घराचा परिणाम शिक्षणावर होतो, याबद्दल वाद नाही. अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली सहा लाखांवर विद्यार्थ्यांची पाहणी झाली. शाळांच्या इमारती, ग्रंथालये, प्रयोगशाळा यांतील फरकापेक्षा मुलांच्या घरांतील फरकाने त्यांच्या गुणांतील अंतर अधिक स्पष्ट होते, असा तिचा निष्कर्ष निघाला. शाळांवर पैसा खर्च करून उपयोग काय, असे म्हणणाऱ्यांना हे फारच सोयीचे वाटले, आजही वाटते. पण त्याच अहवालात दुसरेही एक निरीक्षण आहे आणि त्याचा उल्लेख क्वचितच होतो. शाळा चांगली की वाईट, शिक्षक समर्थ की असमर्थ, याचा परिणाम सुस्थितीतील मुलांपेक्षा वंचित गटांतील मुलांवर अधिक होतो, असे कोलमनला दिसले होते. सधन घरातले मूल शाळा सुमार असली तरी तरून जाते, कारण घर ती उणीव भरून काढते. गरिबाच्या मुलाला शाळेखेरीज दुसरे काहीच नसते. तेव्हा घर महत्त्वाचे आहे, हे मान्य केले की शाळेची जबाबदारी वाढते, घटत नाही.

आमच्याकडेही या प्रश्नाकडे अर्थशास्त्रज्ञांनीच लवकर लक्ष दिले, याचा मला एक अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून अभिमान वाटतो. पुण्याच्या गोखले संस्थेतून धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाची पाहणी केली. तिचे अहवाल १९५५ साली प्रसिद्ध झाले. मुले शाळेत येतात आणि गळतात, त्याच इयत्तेत रेंगाळतात, शिकलेले विसरून पुन्हा निरक्षर होतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्या काळी गळती पहिली ते चौथीत होती. ती आज पुढे सरकली आहे. हे लहान यश नव्हे. त्यामागे अनेकांचे श्रम आहेत. पण ती जिथे सरकली आहे ते वय फार अवघड आहे.

घर म्हणजे काय, याचा हिशेब एकदा मांडून पाहू. उत्पन्न हा त्यातला एक भाग, आणि तोच आपण मोजतो, कारण तलाठ्याच्या दाखल्यावर तो लिहिता येतो. दाखल्यावर न येणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात घरात बसायला एक कोपरा आणि वर एक दिवा आहे का? पाण्याला कोण जाते? धाकट्याला कोण सांभाळते? दहावीनंतर कोणती शाखा घेतली तर कुठे जाता येते, हे सांगणारे कोणी नात्यात आहे का? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू याने याला ‘सांस्कृतिक भांडवल’ असे नाव दिले. मध्यमवर्गीय मुलाला जेवणाच्या पंगतीत जे फुकट कळते, ते शेतमजुराच्या मुलाला तिसाव्या वर्षी, बहुधा एखादा अर्ज फेटाळला गेल्यावर कळते. सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे चूक सोसण्याची ऐपत. डॉक्टरांचा मुलगा बारावीला नापास झाला तर त्याचे एक वर्ष जाते. मजुराचा मुलगा नापास झाला तर त्याचे शिक्षणच जाते. गुणपत्रिका दोघांच्या सारख्याच असतात.

इथे मला थोडे घरचे सांगावे लागेल. भाषणात स्वतःविषयी बोलणे मला आवडत नाही, पण माझ्याजवळ याहून चांगले उदाहरण नाही.

मी माणदेशातला. आमची कोरडवाहू जमीन होती, म्हणजे कागदावर शेतकरी आणि व्यवहारात मजूर. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी बहीण, आमची अक्का, १९७२ च्या जूनमध्ये आठवीत गेली. हायस्कूल चार मैलांवर होते. गावातल्या आणखी दोन मुलींबरोबर ती चालत जाई. मी सातवीत, गावच्याच शाळेत. गणितात ती माझ्यापेक्षा सरस होती. हे मी नम्रतेने सांगत नाही, मला अपूर्णांक तिनेच शिकवले. त्या वर्षी पाऊस झाला नाही. १९७२-७३ चा दुष्काळ आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. आमचे बैल दिवाळीनंतर विकले गेले. आई, वडील खडी फोडायला रस्त्याच्या कामावर जाऊ लागले. रोज दोन-तीन रुपये मजुरी आणि सुकडी. हजेरीपटावर जितकी नावे, तितकी मजुरी. मग एका सोमवारी अक्काही गेली. वडील तिला म्हणाले, “एवढं वरीस जाऊ दे, पाऊस झाला की परत शाळा.” ते खोटे बोलत नव्हते. त्यांना तसेच वाटत होते.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. शाळेने मात्र तिचे नाव पटावरून केव्हाच कमी केलेले होते. बरोबरच्या दोघी मुली नववीत गेल्या होत्या. आपल्यापेक्षा लहान मुलींच्या वर्गात बसायचे तिला अवघड वाटले. बैल पुन्हा घ्यायचे होते, त्यासाठी काढलेले कर्ज होते. १९७५ साली तिचे लग्न झाले. १९७६ च्या मार्चमध्ये मी दहावीला बसलो, तालुक्याच्या बोर्डिंगात राहून, ई.बी.सी.च्या सवलतीवर.

आता अर्थशास्त्राच्या दृष्टीने याकडे पाहा. आई-वडील तेच, उत्पन्न तेच, जात तीच, घरातले ‘संस्कार’ तेच. संख्याशास्त्राच्या कोणत्याही तक्त्यात आम्हां भावंडांची कौटुंबिक पार्श्वभूमी एकाच रकान्यात पडली असती. तरीही एक प्राध्यापक झाला आणि दुसरी सातवी पास राहिली. दुष्काळ आला तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि मी बारा वर्षांचा, हा पहिला फरक. ती मुलगी होती, हा दुसरा. चौदाव्या वर्षी मुलाच्या हाताला बाजारात किंमत येते आणि मुलीच्या लग्नाची चर्चा घरात सुरू होते. त्याच सुमारास संकट आले तर घर त्या मुलाकडे हात पसरते. आपण शास्त्रीय भाषेत ज्याला शिक्षणाचा संधी-खर्च म्हणतो, तो दहाव्या वर्षी जवळजवळ शून्य असतो आणि चौदाव्या वर्षी एकदम उसळी घेतो. फी माफ केली तरी हा खर्च माफ होत नाही. आणि किशोरवयाच्या मनालाही त्यात जागा द्यावी लागेल : त्या वयात लाज फार लवकर वाटते. मागे पडलेले मूल पहिलीत असेल तर पुन्हा बसते, नववीत असेल तर ते स्वतःच दप्तर कोपऱ्यात टाकते आणि आपण म्हणतो, “त्यालाच शिकायचे नव्हते.”

आपला कायदा या बाबतीत काय म्हणतो, हे आपणास माहीत आहेच. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे किमान बारा वर्षांपर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली होती. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. २००२ च्या घटनादुरुस्तीने ते मूलभूत हक्कात आले, २००९ साली कायदा झाला, २०१० पासून तो लागू झाला. वय सहा ते चौदा. म्हणजे १२८ वर्षांत फुल्यांच्या मागणीपुढे आपण दोन वर्षे सरकलो! घर ज्या वयात मुलाला ओढू लागते, त्याच वयात राज्यसंस्था आपला हात सोडते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बारावीपर्यंतच्या सार्वत्रिक शिक्षणाचे उद्दिष्ट २०३० पर्यंतचे म्हणून लिहिलेले आहे. पण हक्काची मर्यादा चौदावरून अठरावर नेलेली नाही. उद्दिष्टासाठी न्यायालयात जाता येत नाही.

‘असर’ या पाहणीने २०२३ साली २६ राज्यांतील २८ ग्रामीण जिल्ह्यांत चौदा ते अठरा वयाच्या मुलांची माहिती घेतली. चौदाव्या वर्षी कुठेच शिकत नसलेल्यांचे प्रमाण ३.९ टक्के होते, अठराव्या वर्षी ३२.६ टक्के. अठराव्या वर्षी काहींची बारावी संपलेली असते हे मान्य करूनही हा उतार भयंकर आहे. त्याच पाहणीत चौदा ते अठरा वयाच्या सुमारे चतुर्थांश मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत सफाईने वाचता आला नाही. तेव्हा घराला सगळा दोष देऊन शाळेला सुटता येणार नाही. आठवीपर्यंत ढकलत आणलेला मुलगा नववीत बीजगणितापुढे उभा राहतो तेव्हा त्याच्या पायाखाली काही नसते. घरचे संकट हे निमित्त होते, आधीच मोडकळीला आलेली भिंत ते पाडते.

आपल्या राज्यातील ऊसतोडणी कामगारांचे उदाहरण तर डोळ्यांसमोरचे आहे. दसऱ्याच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादमाची उचल नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते. त्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांची गणती हत्याराने करणारी ही भाषा मला प्रथम ऐकली तेव्हा बोचली होती. आता आपल्याला तिची सवय झाली आहे. हंगाम चालतो मार्च-एप्रिलपर्यंत. दहावीची परीक्षा मार्चमध्ये! मागे राहिलेल्या मुलीला आजीजवळ ठेवायचे, तर आजी थकलेली. बरोबर न्यावे, तर ती फडावर धाकट्याला सांभाळणार आणि कोपीत भाकरी करणार. वयात आलेली मुलगी सहा महिने एकटी कशी ठेवायची, या धास्तीतून लग्न लवकर उरकले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के आढळले. बीड जिल्ह्यात ते ४३.७ टक्के होते. या आई-बापांना मुलीची माया कमी आहे, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. त्यांच्यापुढे जे पर्याय आहेत, त्यांतून ते निवड करतात.

आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांशी माझा या मुद्द्यावर नेहमी वाद होई. ते म्हणत, “तुम्ही सगळे अर्थकारणावर ढकलता. मुलींना शिकवायचे नाही ही मनोवृत्ती आहे, ती प्रबोधनानेच बदलेल.” प्रबोधनाला माझा विरोध नाही, आपण सारे त्याचीच मुले आहोत. पण बिहारमध्ये काय घडले ते पाहावे. तिथल्या सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्यास सुरुवात केली. पुढे अभ्यासकांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून पाहिले, तेव्हा मुलींची माध्यमिक शाळेतील पटनोंदणी सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि वाढ मुख्यतः शाळेपासून दूर असलेल्या गावांत होती. ज्या मनोवृत्तीसाठी आपण पिढ्यान्‌पिढ्या व्याख्याने दिली, तिचा निदान काही भाग तीन-चार मैलांचे अंतर होता. आपल्याकडेही मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एस.टी.चा मोफत पास आहे. पण पास असून चालत नाही, शाळेच्या वेळेला गाडीही असावी लागते. वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार शासनाने २०२३ साली पुढे आणला. तो करणाऱ्यांनी हे अंतर एकदा पायी चालून पाहिले पाहिजे.

घर बदलता येत नाही, निदान एका मुलाच्या शाळेच्या वयात तरी नाही. मग करायचे काय? याचे उत्तर महाराष्ट्राला शंभर वर्षांपूर्वी सापडले होते. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना डॉ. आंबेडकरांनी १९२४ साली केली. सभेने हाती घेतलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे १९२५ चे सोलापूरचे वसतिगृह. तिघांच्या वाटा वेगळ्या, पण तिघांनीही नुसती शाळा पुरेशी मानली नाही. त्यांना कळले होते की गरिबाच्या मुलाला फळ्याइतकीच अभ्यासाची जागा, दोन वेळचे जेवण आणि सोबत लागते. घरावर संकट आले तरी मुलाच्या ताटावर ते येऊ नये, अशी ती योजना होती. मी बोर्डिंगात असताना १९७४ साली घरी पुन्हा ओढाताण झाली, हे मला दोन महिन्यांनी समजले. मी घरी असतो, तर ते मला त्याच दिवशी समजले असते आणि मी कामावर गेलो असतो.

आज स्थिती काय आहे? ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत, पण ती प्राथमिक शिक्षणाच्या चौकटीतली. अनेक ठिकाणी टोळ्या निघून गेल्यावर त्यांची मंजुरी येते. मोठ्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनेखाली ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांना २०२१ साली मान्यता मिळाली. विचार योग्य आहे. आपल्या तालुक्यात त्यांतले वसतिगृह असेल तर ते कोणत्या इमारतीत आहे, त्यात किती मुली राहतात, अधीक्षिका रात्री तिथे असते का, हे आपल्यापैकी किती जणांनी जाऊन पाहिले आहे? आपण दरवर्षी जुलैमध्ये दहावीच्या गुणवंतांचा सत्कार करतो, शाल देतो, छायाचित्र काढतो. त्या वर्गातून दोन वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या मुलांची नावे आपल्या शाखेकडे नसतात. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, त्या बऱ्याच मुलांसाठी दीड वर्ष बंदच राहिल्या. तो काळ म्हणजे या पिढीचा १९७२ होता. “एवढं वरीस जाऊ दे” हे वाक्य तेव्हा किती घरांत बोलले गेले असेल! त्यांपैकी कोण परतले आणि कोण नाही, याची नोंद ठेवणे आपल्याला शक्य होते. आपण ती ठेवली नाही.

परतण्याची एक वाट आहे, तीही सांगतो. शाळा सुटलेल्यांना खाजगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीला बसता येते; लोक त्याला सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात. आमची अक्का पस्तिशीच्या घरात असताना माझ्याकडे आली होती. मुले मोठी झाली होती, हाताला थोडी सवड होती. जाताना दारात उभी राहून तिने विचारले, “तो सतरा नंबरचा फॉर्म असतो म्हणे, मला भरता येईल का रे?” मी त्या वर्षी पदव्युत्तर वर्गाला शिक्षणाचे अर्थशास्त्र शिकवीत होतो. मी हसलो आणि म्हणालो, “आता काय करायचंय तुला दहावी?” तीही हसली. तिने पुन्हा कधी विचारले नाही. घरच्या परिस्थितीवर मी आयुष्यभर व्याख्याने दिली, आणि त्या क्षणी तिच्यापुरती घरची परिस्थिती म्हणजे मी होतो.

तेव्हा माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. कायद्याची मर्यादा अठरा वर्षांवर नेण्याची मागणी आपल्या जाहीरनाम्यात आहे, ती तिथेच राहू नये. जिल्हा परिषदेपासून विधानसभेपर्यंत ती पुन्हापुन्हा मांडावी. दुसरी गोष्ट उद्यापासून करता येईल. प्रत्येक शाखेने आपल्या गावातील आठवी, नववी, दहावीच्या मुलामुलींची यादी करावी, घरोघर जाऊन. कोण जून महिन्यात होते आणि दिवाळीनंतर नाही, कोणाचे आई-बाप तोडीला जाणार आहेत, कोणत्या मुलीला पाहायला पाहुणे येऊन गेले, हे त्यात असावे. दसऱ्याच्या आधी ती यादी घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जायचे आणि वसतिगृहाची मंजुरी टोळी निघण्यापूर्वी पदरात पाडून घ्यायची. ज्यांची नावे आधीच कमी झाली आहेत, त्यांचे शाळा सोडल्याचे दाखले गोळा करून सतरा नंबरचे फॉर्म मुदतीत भरायचे. दाखला मिळवणे हेच पुष्कळदा सगळ्यात कठीण काम असते. मी आता निवृत्त आहे, मला वेळ आहे. दर शनिवारी मी कार्यालयात बसेन. याद्या आणि दाखले घेऊन या. फॉर्म आपण इथे भरू.